तुझ्यावर गेलीय

वाक्य इतकं साधं होतं की बोलणारा पुढच्याच क्षणी ते विसरला असेल. सकाळची वेळ होती, प्रयोगशाळेत नुकते दिवे लागले होते, मी सूक्ष्मदर्शकाशी बसले होते, आणि माझ्या खांद्यावरून पडद्याकडे बघत गवंडी म्हणाला, “ही पिवळी बघ. अगदी तुझ्यावर गेलीय.”

मी मान न वळवता विचारलं, “म्हणजे?”

“म्हणजे काय म्हणजे! बाकीच्यांनी केव्हाच हातपाय पसरले. ही आपली कोपऱ्यात बसून विचार करतेय.” तो हसला आणि हात धुवायला गेला.

गवंडी म्हणजे आमच्याकडे प्रिंटर चालवणारा माझा सहकारी. थरावर थर रचतो म्हणून कुणीतरी त्याला हे नाव ठेवलं आणि त्यालाही ते आवडलं. त्याच्या यंत्रात शाईच्या जागी जेल असतं, आणि त्या जेलमध्ये माणसाच्या मेंदूच्या जिवंत पेशी. कुणाच्या तरी दंडाची चिमूटभर कातडी घ्यायची, तिच्या पेशींना औषधं देऊन पार गर्भातल्यासारखं कोवळं करायचं आणि तिथून पुन्हा वाढवत मेंदूच्या वाटेला लावायचं. मग गवंडी सुईच्या टोकातून त्यांची जाळी विणतो. शर्टाच्या बटणाएवढा एक पारदर्शक तुकडा तयार होतो, तो गुलाबी द्रावात बुडवून उबेच्या कपाटात ठेवायचा. माझं काम त्यानंतर सुरू होतं. तुकडा जगला का, पेशींनी एकमेकींकडे धागे टाकले का, त्या आपसात बोलतात का, हे बघायचं आणि शेरा द्यायचा. बोलतात म्हणजे त्यांच्यातून विजेचे बारीक ठोके येतात, ते तळाच्या तारा टिपतात आणि पडद्यावर रेघा उमटतात. काही तुकडे आजारी माणसांच्या कातडीपासून केलेले असतात, काही निरोगी माणसांच्या. कुठला कुणाचा ते मला कळू द्यायचं नाही असा नियम आहे, नाहीतर डोळा आधीच एका बाजूला झुकतो. म्हणून नुसते रंग. निळ्या झाकणाची, हिरवी, पांढरी, पिवळी. इतकी वर्षं मला हा नियम फार शहाणपणाचा वाटत आला होता.

त्या सकाळी मात्र मी पिवळीवरून डोळा काढू शकले नाही. पेशी खरंच अंग चोरून बसल्या होत्या. एखादीने बारीकसा धागा बाहेर काढलेला, तोही अर्ध्यात थांबलेला, अनोळखी घराची कडी वाजवावी की नाही असा. मी माझी डावी बाही वर सरकवली आणि दंडाची आतली बाजू पाहिली. तिथे एक फिकट वण आहे. बाबा आजारी होते तेव्हा इथल्याच संशोधकांनी बाबांची, दादाची आणि माझी कातडी घेतली होती. तेव्हा मी इथे नोकरीला नव्हते. नंतर लागले. आमच्या त्या तीन चिमटी याच इमारतीत, तळमजल्यावर, गोठवून ठेवलेल्या असणार हे मला माहीत होतं, आणि माहीत असूनही मी रोज जिना चढून वर येत होते, जसं आपण बँकेच्या किंवा दवाखान्याच्या समोरून जातो तसं. गवंडी तळमजल्यावर जातो. पेशी तोच आणतो. झाकणांचे रंगही तोच लावतो.

कुणी कुणावर गेलंय हे बोलणं आमच्या घरातून बाबांच्या आजारपणात हद्दपार झालं. त्याआधी ते उठताबसता असायचं. दादाचं नाक बाबांवर, माझी चाल आईवर, दादाची खोड बाबांवर, म्हणजे कुठलीही बंद पडलेली वस्तू दिसली की उघडून बसायचं. बाबांचं रेडिओ-पंखे दुरुस्तीचं दुकान होतं. पन्नाशीही झाली नव्हती त्यांची, एके दुपारी मी डबा घेऊन गेले तर हातात पक्कड धरून त्यांनी मला विचारलं, “हे काय गं... ते हे... काय म्हणतात याला?” मी हसले. आपलं निम्मं बोलणं ‘ते हे’वरच चालतं, त्यात काय एवढं! पण बाबा हसले नाहीत. त्यांनी ती पक्कड काउंटरवर ठेवली, एखाद्या दुसऱ्याच्या वस्तूसारखी, जपून. पुढे ते ‘ते हे’ वाढतच गेलं. पंखा ते हे झाला, मग दुकान, मग आई. मी शेवटपर्यंत त्यांची ‘ती’ होते, पण कोण ती, ते त्यांना ठरवता येत नसे. डॉक्टरांनी कॉरिडॉरमध्ये उभ्या उभ्या सांगितलं की हा आजार वंशातून येतो, मुलांपैकी प्रत्येकाला निम्मी शक्यता. रक्त तपासलं तर कळेल. दादा म्हणाला, “छापा तुला, काटा मला. वाटून टाकू.” मी त्याला तिथेच ऐकवलं की असं वाटून येत नसतं, प्रत्येकाचं नाणं वेगळं उडतं. तो म्हणाला, “बरं बाई, शंकासुर.” लहानपणापासून तो मला शंकासुरच म्हणतो. रक्त आम्ही दोघांनीही तपासलं नाही. आणि त्यानंतर आईनेसुद्धा कधी म्हटलं नाही की दादा बाबांवर गेलाय.

आणि आता हा गवंडी सहज बोलून गेला होता.

मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. माणसावर नजर ठेवायची ठरवली की तो किती संशयास्पद गोष्टी करतो! पिवळी उचलताना तो दोन्ही हात लावतो, निळीला एकच. माझ्याशी बोलताना हल्ली चष्मा पुसतो. एकदा मी आत शिरले तेव्हा तो आणि मॅडम, म्हणजे आमच्या विभागप्रमुख, खिडकीपाशी बोलत होते आणि बोलणं तुटलं. मॅडम म्हणाल्या, “ये ना, ये,” आणि त्या दोन ‘ये’मध्ये मला कीव ऐकू आली. जेवणाच्या वेळी गवंडीने स्वतःच्या डब्यातली पोळी माझ्यापुढे सरकवली. तो रोजच सरकवतो; पण त्या दिवशी मला वाटलं, आजाऱ्याला भरवतात तसं भरवतोय. शेवटी मी त्याला सरळ विचारलं, “पिवळी कुणाची आहे?”

“मला काय माहीत? मला नळीवरचे आकडे दिसतात फक्त. आणि माहीत असतं तरी तुला सांगून चाललं असतं का?”

“मग तू तेव्हा तसं का म्हणालास?”

“कधी? काय म्हणालो?”

त्याचा चेहरा खरोखर कोरा होता. पण कोरा चेहरा करता येतो. बाबांना आम्ही सगळे कोरेच चेहरे दाखवत होतो की. ते विचारायचे, “मला काही झालंय का?” आणि आम्ही तिघं एका सुरात, “छे, कुठे काय!” माणूस ज्याच्यावर माया करतो त्याच्याशी किती सफाईने खोटं बोलतो हे मी घरातच शिकले होते. त्यामुळे आता जो जो माझ्याशी मायेने वागे त्याचा मला संशय येई, आणि घरात तर नवऱ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं. तो बिचारा पूर्वीपासून म्हणतो, “हे तू मला सांगितलंयस.” लग्न झाल्यापासून म्हणतो. मी बोलते फार, तेच तेच बोलते. पण आता त्याने तसं म्हटलं की मी घास तसाच धरून त्याच्याकडे बघायची. किती वेळा सांगितलंय? कधी? तो म्हणायचा, “अगं, कालच नाही का.” मला आठवायचं नाही. किंवा आठवायचं, पण मग वाटायचं की त्याने सुचवलं म्हणून आठवतंय. मी स्वतःची परीक्षा घ्यायला लागले. भाजी चिरताना स्वयंपाकघरातल्या वस्तूंची नावं मनातल्या मनात म्हणायची: झारा, उलथनं, चिमटा, किसणी. एकदा गाळणीशी अडले. समोर टांगलेली, रोज हातात येणारी वस्तू, आणि नाव येईना. गॅसवर चहा उतू गेला. नवरा आतून म्हणाला, “काय झालं?” मी म्हटलं, “काही नाही, ते हे...” आणि माझ्याच तोंडून बाबांचा आवाज ऐकल्यासारखं झालं. मी दोन्ही हातांनी ओटा धरून उभी राहिले. नवरा आला, त्याने गॅस बंद केला, फडकं घेतलं, ओटा पुसला, एक शब्द बोलला नाही. न बोलण्याचाही मला संशय आला.

रविवारी आम्ही दादाकडे जेवायला गेलो. दादाची मोटार शिकवण्याची शाळा आहे. आईने त्याला दुकान चालवायला सांगितलं होतं, त्याने दुकान विकून दोन जुन्या गाड्या घेतल्या, एक भागीदार गाठला, आणि गावातल्या निम्म्या लोकांना क्लच सोडायला शिकवलं. बडबड्या माणूस. पण त्या दुपारी तो फारसा बोलला नाही. मी त्याला विचारलं, “शाळा कशी चाललीय?” तर वहिनीच म्हणाल्या, “चाललीय की छान. गर्दी आहे हल्ली.” मी विचारलं, “त्या घाबरट शिक्षिकाबाई पास झाल्या का?” त्याने वहिनींकडे पाहिलं, आणि वहिनी म्हणाल्या, “झाल्या की. पेढे आणले होते.” मला वाटलं, हे दोघं माझ्यासमोर तोलून मापून बोलताहेत. काहीतरी यांना कळलंय. कोण सांगणार यांना? नवरा. ओटा पुसताना गप्प राहिलेला नवरा. वहिनींनी माझ्या पानात वाढताना पाठीवरून हात फिरवला, “दमलीस का गं? खा नीट.” कीव! मी दादाच्या डोळ्यांत बघायचा प्रयत्न केला तर तो पाण्याच्या ग्लासाकडे बघत होता. निघताना त्याने मला दारापर्यंत सोडलं, चपलांच्या गर्दीत माझ्या चपला शोधून समोर ठेवल्या. त्या वहिनींच्या होत्या. मी म्हटलं, “दादा, या माझ्या नाहीत.” तो म्हणाला, “चेष्टा केली,” आणि आम्ही सगळे हसलो. गाडीत बसल्यावर मी नवऱ्याला विचारलं, “तू दादाला काय सांगितलंस?” तो म्हणाला, “कशाबद्दल?” मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुम्ही सगळे एक आहात, मनात म्हटलं. बाबांनाही असंच वाटत असणार. काचेच्या अलीकडे एकटे आणि पलीकडे आम्ही सगळे, सारखे चेहरे केलेले.

पिवळी दिवसेंदिवस गप्प होत गेली. आधी तिच्यातून अधूनमधून ठोके यायचे, पावसाळी पत्र्यावर थेंब पडतात तसे, एक इथे, एक तिथे. चांगला तुकडा काही आठवड्यांत लयीत येतो. सगळ्या पेशी एकदम चेततात, शांत होतात, पुन्हा एकदम चेततात, आणि पडद्यावर त्या रेघा एकाखाली एक उभ्या राहिल्या की इतक्या वर्षांनीही माझ्या अंगावर काटा येतो. पिवळी तिथवर पोचलीच नाही. मी जिवंत-मेलेल्यांची चाचणी केली. एक रंग जिवंत पेशीला हिरवा करतो, दुसरा मेलेलीला लाल. पिवळी काठाकाठाने लाल झाली होती, आणि ती लाली आत सरकत होती. मी अंधाऱ्या खोलीत त्या चित्रापुढे बसले आणि अगदी स्पष्टपणे वाटलं की हे माझ्या डोक्यात चाललेलं आहे, आत्ता, या कपाळामागे, काठाकाठाने. मी कपाळाला हात लावला. ते गार होतं. मग मला स्वतःचा राग आला. बटणाएवढा तुकडा म्हणजे मेंदू नव्हे, ना त्याला काही आठवत, ना काही विसरत. हे पाहुण्यांना मीच तर हसत हसत समजावून सांगते. पण समजावणारी बाई एक आणि अंधारात बसलेली बाई दुसरी, आणि त्या दोघींचं आपसात बोलणं बंद पडलं होतं.

मी शेऱ्यात ‘नापास’ लिहिलं आणि मॅडमच्या खोलीत गेले. त्या फोनवर होत्या, त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. मी उभीच राहिले.

“मॅडम, पिवळी माझी आहे का?”

त्यांनी फोन ठेवला. “तुझी म्हणजे?”

“माझ्या कातडीपासून केलेली. खरं सांगा. मला सगळं कळतंय.”

मॅडमनी पुढ्यातली फाइल मिटली. त्या फार कोरड्या बाई आहेत, वाढदिवसाच्या शुभेच्छाही हजेरी घेतल्यासारख्या देतात. “तुझ्या घरच्या कुणाच्याच पेशी मी या कामात घेतलेल्या नाहीत,” त्या म्हणाल्या. “तू इथे रुजू झालीस त्या दिवशीच त्या बाजूला काढायला सांगितल्या. तुलाही सांगितलं होतं, याच खोलीत. तू ‘थँक यू’ म्हणाली होतीस.”

मला ते आठवत नव्हतं. खोली आठवत होती, खिडकीतली कुंडी आठवत होती, नोकरी मिळाल्याचा आनंद आठवत होता. हे वाक्य नाही. म्हणजे एकतर मॅडम खोटं बोलत होत्या नाहीतर मी विसरले होते. दोन्हीचा अर्थ एकच निघत होता. मी म्हटलं, “मला आठवत नाही.” त्या म्हणाल्या, “नोकरीच्या पहिल्या दिवशी कुणाला काय आठवतं? मला माझ्या लग्नात काय बोलले ते आठवत नाही.” त्यांनी विनोद केला होता. मॅडमनी विनोद केला म्हणजे प्रकरण गंभीर असणार, असं समजून मी बाहेर आले.

नंतरच्या आठवड्यात हिरवी गप्प झाली. मग पांढरी. मग निळी, जिने सगळ्यांच्या आधी हातपाय पसरले होते आणि जिची लय मी एका तरुण सहकारिणीला बोलावून दाखवली होती. काठाकाठाने लाल, आत सरकणारी. गवंडी डोकं धरून बसला. त्याने जेलची प्रत्येक बाटली तपासली, जेल घट्ट होण्याचा वेळ तपासला, आणि शेवटी निघालं असं की जेलचा तो नवा साठाच निबर होता. नेहमीपेक्षा कडक जमत होता. पेशींना आतून सरकायला जागा मिळत नव्हती, आतपर्यंत खाणं पोचत नव्हतं. पिवळी त्यातली पहिली, इतकंच. “कुणाच्या का असेनात,” गवंडी म्हणाला, “सिमेंटमध्ये कोण पोहेल?” आणि मग, “तू का हसतेयस? कित्येक महिन्यांची मेहनत पाण्यात गेली आपली!” मी खरोखर हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होते. त्याने माझ्यापुढे पाण्याची बाटली धरली आणि मी ती कसलाही संशय न घेता प्यायले. खरं म्हणजे यातून काहीच सिद्ध झालं नव्हतं. माझ्या रक्तात काय आहे ते होतं तिथेच होतं. पण छातीवरून कुणी उठून गेल्यासारखं वाटत होतं, आणि हे सगळं ज्याला सांगावं असा एकच माणूस होता, ज्याने मला शंकासुर म्हणून जन्मभर चिडवलं तो. त्याला सांगायचं, शंकासुराने या वेळी बघ काय केलं.

फोन वहिनींनी उचलला. दादा शाळेच्या मैदानावर गेलाय म्हणाल्या. मग म्हणाल्या, “तू येतेस का तिकडे? नको, घरीच ये ना संध्याकाळी.” पण मी तोवर रस्त्यावर आले होते.

मैदानात भागीदार एका बाईंना गाडी मागे घ्यायला शिकवत होता. मला बघून उतरला. “दादा?” मी विचारलं. त्याने कोपऱ्यातल्या झाडाखाली उभ्या असलेल्या जुन्या गाडीकडे मान हलवली. “तिथे असतात बसलेले. गाडी आम्ही बंदच ठेवलीय ती.” आणि माझा चेहरा बघून हळू आवाजात, “म्हणजे तुम्हाला... मला वाटलं घरात सगळ्यांना माहीत आहे. शिकवणं बंद करून वर्ष होत आलं त्यांना. एकदा भर चौकात ब्रेक कुठला ते सुचेना. शिकणाऱ्या बाईंनीच लावला.”

दादा शिकवणाऱ्याच्या जागेवर बसला होता. शिकवण्याच्या गाड्यांना तिथेही ब्रेक आणि क्लच असतात. मी दार उघडून शिकणाऱ्याच्या जागेवर, स्टिअरिंगमागे बसले. काचेवर झाडाची पिवळी पानं पडली होती. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला आनंद झाला, हे दिसलं. मग त्याने माझ्या नावाची जरा वाट पाहिली, हेही दिसलं. पूर्वी ते मला दिसलं नव्हतं. रविवारी समोर बसून, पानात वाढलेलं खात, मला ते दिसलं नव्हतं. मी त्या घरात फक्त मला शोधत होते.

“शंकासुर,” तो शेवटी म्हणाला, सुटका झाल्यासारखा.

“दादा, कधी कळलं?”

“मागच्या... ते हे... गणपती-बिणपती नाही, उन्हाळा. उन्हाळ्यात. रक्त दिलं. वहिनीला सांगितलं तुझ्या. तुला सांगायचं नाही म्हटलं.”

“का?”

“तू लगेच स्वतःला तपासत बसली असतीस.” तो हसला. दात तेच, हसू तेच. “आरशात, भांड्यात, सगळीकडे. मी ओळखतो ना तुला.”

मी स्टिअरिंगवर डोकं टेकलं. कितीतरी गोष्टी बोलायच्या होत्या, आणि मनात सारखी एकच येत होती: चपला. त्या वहिनींच्या चपला त्याने किती काळजीने जुळवून माझ्यापुढे ठेवल्या होत्या, आणि माझ्या एका वाक्याने त्याला केवढी मोठी चेष्टा उभी करावी लागली होती. आम्ही गेल्यावर घामाने भिजला असेल तो. बाबांना निदान आम्ही फसवत होतो. दादा एकटा, स्वतःच, आम्हाला सगळ्यांना फसवत होता, आणि वहिनी मागून शब्द पुरवत होत्या. ती कीव नव्हती. ती शुद्ध मेहनत होती.

“रडू नको,” तो म्हणाला. “क्लच दाब.”

“काय?”

“क्लच दाब. बसलीस ना तिथे? मग शीक. इतकी शिकलीस पण गाडी नाही शिकलीस.” मी दाबला. इंजिन बंदच होतं. त्याने त्याच्या बाजूचा दाबून बघितला, पाय बरोबर पडला, आणि तो मान डोलावत म्हणाला, “पायाला आठवतं. डोक्याला नाही आठवलं तरी पायाला आठवतं.” मग बराच वेळ आम्ही गाडी न चालवता गिअर टाकत बसलो. पहिला, दुसरा, न्यूट्रल. भागीदार लांबून बघत होता. मधेच दादा म्हणाला, “तू तपासून घे.”

“मला नाही कळून घ्यायचं.”

“घे तपासून. नवऱ्याला नको सांगायचं तर नको सांगू. मला सांग.” तो माझ्याकडे वळला आणि त्याच्या डोळ्यांत जुना, बदमाश दादा क्षणभर पूर्ण उभा राहिला. “माझ्यासारखा खात्रीचा माणूस मिळायचा नाही तुला. पोटातलं ओठावर यायची भीतीच नाही. येईपर्यंत पोटातूनच जाईल.”

आम्ही इतके हसलो की त्याचा गुडघा डॅशबोर्डवर आपटला.

मी रक्त दिलं. निकाल घ्यायला नवरा बरोबर आला, मीच बोलावलं त्याला. डॉक्टरीणबाई सावकाश बोलत होत्या आणि त्या सावकाशीचा अर्थ लावण्यात मी त्यांची पहिली दोन वाक्यं गमावली. नवऱ्याने माझा हात घट्ट दाबला तेव्हा कळलं. माझ्यात ते नव्हतं. बाहेर रस्त्यावर आल्यावर नवरा हुंदके देऊन रडला. इतके दिवस ओटा पुसत होता, भांडी लावत होता, तेवढ्या सगळ्याचं रडला. मला रडू आलं नाही. मला लाज वाटत होती. जिंकल्यावर हरलेल्याच्या घरी जायचं असतं तशी.

तरी गेले. वहिनींनी दार उघडलं, माझा चेहरा वाचला आणि मला काही न बोलता कवेत घेतलं, आणि त्यांच्या पाठीला माझा हात लागला तेव्हा कळलं की ही बाई किती वाळलीय. दादा गॅलरीत होता. मी त्याच्याजवळ स्टुलावर बसले, त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि म्हटलं, “दादा, मला नाही.”

त्याला कळायला थोडा वेळ लागला. मग त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला. असं त्याने लहानपणीही कधी केलं नव्हतं. “नाही?” तो म्हणाला. “खरंच नाही? अगं, वा! वा, वा!” आणि त्याने वहिनींना हाक मारून काहीतरी गोड करायला सांगितलं. मी त्याच्या चेहऱ्यावर शोधलं. जळफळाट, निदान एक सुरकुती, एक सावली, काहीतरी. माझी सवय आहे ती. मला काही सापडलं नाही. थोड्या वेळाने आम्ही खाली खेळणाऱ्या मुलांकडे बघत बसलो होतो, वहिनी आत रव्याचा डबा शोधत होत्या, आणि दादा एकदम माझ्याकडे वळून, काळजीने, आवाज खाली आणून म्हणाला, “तुझं रक्त तपासलंस का गं? काय आलं?”

मी म्हटलं, “मला नाही, दादा.”

“नाही? खरंच? अगं, वा!” माझा चेहरा पुन्हा त्याच्या हातांत होता. तळवे तसेच गरम. “वा, वा!”

आता मी दर रविवारी जाते. जेवण झालं की तो विचारतो, मी सांगते. एका दुपारी कधी दोनदा, कधी तीनदा. दर वेळी बातमी नवी असते आणि दर वेळी तो तितकाच खूश होतो, जरासुद्धा कमी नाही. वहिनी आता स्वयंपाकघरातून ऐकून हसतात. अलीकडे त्याला पुष्कळ शब्द सुचत नाहीत, माझं नावही नाही, पण हे विचारायचं मात्र तो चुकत नाही. आणि म्हणून मला कधी कधी एक संशय येतो. त्याचे हात माझ्या गालांवर असतात, डोळे मिचकावल्यासारखे बारीक झालेले असतात, आणि मला वाटतं, याला आठवतंय. निदान हे एक याला आठवतंय, आणि तो मुद्दाम विचारतोय. मी त्याच्याकडे निरखून बघते. तो वाट बघत असतो.

मी पुन्हा सांगते.